वॉशटेरियातली मण्यांची माळ

ह्यूस्टनच्या मराठी माणसाला हिलक्रॉफ्ट रस्ता समजावून सांगावा लागत नाही. कढीपत्ता, थालीपिठाची भाजणी, उपासाची भगर, सगळं तिथंच मिळतं. २०१० पासून त्या पट्ट्याला महात्मा गांधी डिस्ट्रिक्ट असं रीतसर नावही आहे. दर शनिवारी मी तिथे जायचे, पिशव्या डिकीत टाकायचे आणि घरी. हायवे ५९ च्या पलीकडे, गाडीने पाच मिनिटांवर, गल्फटन नावाची वस्ती आहे, हे मला बारा वर्षं फक्त ट्रॅफिकच्या बातम्यांतून माहीत होतं.

तेलाची तेजी होती तेव्हा तरुण नोकरदारांसाठी तिथे अपार्टमेंटचे ताफेच्या ताफे बांधले गेले. ऐंशीच्या दशकात तेल कोसळलं, भाडी उतरली आणि एल साल्वादोर, ग्वातेमालाच्या यादवीतून जीव घेऊन निघालेली माणसं तिथे राहायला आली. मागून होन्डुरासची आली, मेक्सिकोची आली. आज तिथल्या दुकानांच्या पाट्या स्पॅनिशमध्ये असतात.

मी तिथे पोचले ती मुलीच्या शाळेमुळे. नवऱ्याच्या नोकरीवर बायकोला मिळतो त्या एच-४ व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, म्हणून शाळेच्या कॅन्टीनमध्ये मदतीला जायचे. तिथल्या बाया स्पॅनिश बोलायच्या. दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात स्पॅनिश शिकले, तेही खरं सांगायचं तर घरात बसून डोकं फिरायला लागलं होतं म्हणून. पुढे ग्रीन कार्ड आलं आणि एका दवाखान्याच्या फलकावर जाहिरात दिसली : प्रमोतोरा पाहिजेत.

प्रमोतोरा म्हणजे आपल्या आशाताई, असं मी आईला फोनवर सांगितलं आणि तिला लगेच कळलं. वस्तीतलीच बाई, वस्तीच्या भाषेत बोलणारी, डॉक्टर नाही, नर्सही नाही. टेक्सासात यासाठी राज्याचं प्रमाणपत्र असतं. १६० तासांचं शिक्षण, आठ कौशल्यं, प्रत्येकाला २० तास, आणि दर दोन वर्षांनी नूतनीकरण. मी वस्तीतली नव्हते, ही माझी मोठी अडचण. मुलाखतीत तसं बोलूनही दाखवलं. तिथल्या मुख्य प्रमोतोराने, सगळ्या तिला कमाद्रे म्हणतात, माझ्याकडे वरून खाली पाहिलं आणि विचारलं, "गाडी आहे?" आहे म्हटलं. काम मिळालं.

(कमाद्रे म्हणजे खरं तर आपल्या मुलाची धर्ममाता. मैत्रीण आणि विहीण यांच्या मधलं काहीतरी नातं. मराठीत त्याला शब्द नाही, असता तर बरं झालं असतं.)

आमचं काम होतं चाळिशी-पन्नाशीच्या बायांना मॅमोग्राफीपर्यंत, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीपर्यंत, नेणं. अमेरिकेत हिस्पॅनिक बायांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण गोऱ्या बायांपेक्षा कमी आहे. तरी कर्करोगाने दगावणाऱ्या हिस्पॅनिक बायांमध्ये सगळ्यात जास्त जणी याच कर्करोगाने जातात, आणि निदान होतं तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो. हे मी वर्गात वहीत लिहून घेतलं, खाली रेघ मारली. पुढे दोन वर्षांत हे वाक्य ऐकून एकही बाई तपासणीला आली नाही.

कामाची जागा वॉशटेरिया. हा खास टेक्सासचा शब्द : नाणी टाकून कपडे धुवायची यंत्रं असलेलं दुकान. रविवारी सकाळी अर्धी वस्ती तिथे असते. कपडे धुऊन वाळेपर्यंत तास-सव्वा तास बाईला कुठे जाता येत नाही, आणि नवरा सहसा बरोबर नसतो. कमाद्रेचा नियम एकच : पहिला वॉश संपेपर्यंत फोल्डर उघडायचं नाही. तोवर चादरींच्या घड्या घालू लागायचं. ओल्या चादरीचं एक टोक तिच्या हातात, एक माझ्या, आणि मध्ये गप्पा. पोरं किती, गाव कुठलं, इथे येऊन किती वर्षं झाली.

मला तिथे सगळ्या 'ला इंदू' म्हणायला लागल्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चमकलेच, कारण इंदू माझी आत्या, साताऱ्याची. मग उलगडलं. स्पॅनिशमध्ये 'ह' चा उच्चार नाही, आणि तिकडे बोलताना भारतीय माणसाला सर्रास 'हिंदू' म्हणतात. ख्रिश्चन असो, मुसलमान असो, भारतातून आला की तो 'इंदू'. मी दुरुस्त करत बसले नाही. आत्याचं नाव फुकट मिळत होतं.

दुसरा धक्का शब्दांचा. वर्गात आम्हाला स्तनासाठी 'सेनो' शिकवलं होतं. वॉशटेरियात मेक्सिकोची एक आजी छातीला हात लावून म्हणाली, "चिची." मी दचकून मागे सरले. मला वाटलं, बाई मला छी छी म्हणतेय. ती बिचारी तो साधा घरगुती शब्द वापरत होती. हे मी कमाद्रेला सांगितलं तेव्हा ती ड्रायरला टेकून इतकी हसली की दोन बाया कपडे टाकून बघायला आल्या. त्या दिवशी आम्हाला चार नावं मिळाली. फोल्डर उघडलंच नव्हतं.

फोल्डरमध्ये चित्रांचे तक्ते होते. ते फारसं कुणी बघायचं नाही. बायांचे डोळे जायचे माळेवर. जाड दोऱ्यात ओवलेले प्लॅस्टिकचे मणी, एकापेक्षा एक मोठे. सगळ्यात लहान मणी म्हणजे नियमित मॅमोग्राफीत सापडू शकते तेवढी गाठ, मग हाताला लागते तेवढी, आणि शेवटचा, छोट्या लिंबाएवढा, म्हणजे काहीच न करता अंघोळीच्या वेळी अचानक लागते तेवढी. बाया ती माळ हातात घ्यायच्या, जपमाळेसारखी एकेक मणी सरकवायच्या. शेवटच्या मण्यावर बोट थांबायचं. मग कुणाची मावशी निघायची, कुणाची शेजारीण. 'बोलीता' म्हणायच्या त्या गाठीला, म्हणजे छोटा चेंडू. माझ्याकडे तेव्हा सांगायला शब्द कमी असायचे, ते एका अर्थी बरंच झालं.

दर महिन्याला आरशासमोर स्वतः तपासायची पद्धत शिकवा, असंही बाया म्हणायच्या. जुन्या तक्त्यांत ती पानं होती, आम्ही काढून टाकली होती. शांघायच्या कापड गिरण्यांतल्या २ लाख ६६ हजार बायांवर चाचणी झाली, २००२ मध्ये निकाल आला आणि अशा शिकवलेल्या तपासणीने मृत्यू कमी होत नाहीत असं दिसलं. हे समजावून सांगणं फार अवघड. बाई म्हणते, फुकटचं, घरच्या घरी होणारं ते नको, आणि तुमच्या मशीनला मात्र या? बदल दिसला तर लगेच सांगा, एवढंच आम्ही म्हणायचो.

बाया का येत नाहीत यावर पुष्कळ लिहिलं गेलंय आणि वर्गात आम्हाला त्यातलं बरंच वाचायला दिलं होतं. त्यात एक शब्द सारखा यायचा : दैववाद. ही बाई 'सि दिओस किएरे' म्हणते, देवाची इच्छा असेल तर, म्हणजे ती दैववादी. 'एल के बुस्का एनकुएन्त्रा' म्हणते, जो शोधतो त्याला सापडतं, म्हणजे उगाच कशाला दुखणं विकत घ्या, म्हणजे तीही दैववादी. मी माना डोलावत होते. मग तिसऱ्याच रविवारी एका बाईने माळ माझ्या हातात परत दिली आणि साधंच विचारलं, "ई उस्तेद?" आणि तुमचं झालं का?

मी हो म्हणाले.

झालं नव्हतं. मी ४४ वर्षांची होते. नवऱ्याच्या कंपनीचा विमा होता, कायद्याने ही तपासणी मला एक पैसा न देता मिळत होती, केंद्र घरापासून तीन किलोमीटरवर, गाडी दारात. चार वर्षं मी 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणत होते. मला कुणी दैववादी म्हणालं नव्हतं. मला बिझी म्हणायचे.

त्याच आठवड्यात जाऊन आले. आता त्याबद्दल लिहितेच, कारण मराठी बायकाही मला गुपचूप विचारतात की फार दुखतं का. कपडे दोन भागांतले घालावेत, कमरेच्या वरचंच काढावं लागतं. त्या दिवशी डिओडरंट किंवा पावडर लावायची नाही, कारण त्यातले कण चित्रात पांढरे ठिपके होऊन उमटतात आणि डॉक्टरला भलताच संशय येतो. टेक्निशियन बाईच असते. ती स्तन एका थंड पट्टीवर ठेवते, वरून पारदर्शक पाटी खाली येते आणि दाबते, पोळपाटावर लाटी दाबावी तशी. श्वास रोखा म्हणते. काही सेकंद. प्रत्येक बाजूची दोन, अशी चार चित्रं. मला दुखलं, हो. पाटी वर गेली की दुखणं संपलं. खरं अवघड होतं ते वेगळंच : एक परकी बाई आपला स्तन भाजीसारखा उचलून नीट लावतेय आणि आपण कुठे बघायचं ते कळत नाही. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. हे सगळं नंतर वॉशटेरियात जसंच्या तसं सांगितलं, आधीच्या थापेसकट. प्रश्न विचारणारी बाई म्हणाली, "मला माहीत होतं. हो म्हणताना तुम्ही माळेकडे बघत होता."

आता निळ्या बास्केटवालीबद्दल. नाव सांगणार नाही, माझ्या वहीतही ती निळी बास्केटवालीच आहे. होन्डुरासची, पन्नाशी ओलांडलेली, रात्री ऑफिसांची साफसफाई करणारी. तिने डाव्या बाजूला हात नेला आणि म्हणाली, इथे जुना गोल्पे आहे. गोल्पे म्हणजे मार, धक्का. त्यातून कॅन्सर होतो ना?

माझ्या तक्त्यावर हा प्रश्न छापलेलाच होता. गैरसमज : मार लागल्याने कर्करोग होतो. उत्तर : नाही. मी लगेच तोंड उघडलं, "नाही, नाही, असं काही..." आणि टेबलाखाली कमाद्रेची चप्पल माझ्या पायावर पडली. जोरात. मग कमाद्रेने हळूच विचारलं, "कशाचा गोल्पे?" बाई म्हणाली, "दाराचा." कमाद्रे काही बोलली नाही. उठली, तिच्या बास्केटमधून चादर काढली आणि एक टोक तिच्या हातात दिलं. दोघींनी मिळून अख्खी बास्केट घडी करून संपवली. दार म्हणजे कोण, हे मला तीन आठवड्यांनी कळलं. तो माणूस तोवर सोडून गेला होता, पण भाड्याचा करार त्याच्याच नावावर होता.

आणि याच करारापाशी घोडं अडलं. विमा नसलेल्या, कमी उत्पन्नाच्या बायांसाठी तपासणीचा सरकारी कार्यक्रम आहे. १९९० चा केंद्राचा कायदा, टेक्सासात दारिद्र्यरेषेच्या दुपटीपर्यंत उत्पन्न असलेल्या बायांसाठी. ह्यूस्टन ज्यात येतं त्या हॅरिस काउंटीच्या रुग्णालयांत सवलतीत उपचारांसाठी ज्याला अजून सगळे 'गोल्ड कार्ड' म्हणतात ते आहे, त्यात नागरिकत्व आड येत नाही. पण या काउंटीत राहता याचा पुरावा लागतो. करार पळून गेलेल्याच्या नावावर, वीजबिल मेहुण्याच्या, पगार रोखीत. कागद जुळवण्यात माझ्या पाच दुपारी गेल्या. वर्गात यावर तास नव्हता. त्या पाच दुपारींत मी मॅमोग्राफीचा 'म' काढला नाही, आणि पाचव्या दिवशी तीच म्हणाली, तारीख घ्या.

मॅमोग्राफीची फिरती व्हॅन एका चर्चच्या आवारात यायची. निळी बास्केटवाली आली, तपासणी झाली, हसत उतरली. मी वहीत टिक केली. आणि इथे माझ्याकडून चूक झाली.

मी तिला सांगितलं होतं, निकाल पत्राने येईल. तसा केंद्राचा नियमच आहे : ३० दिवसांच्या आत, डॉक्टरी नसलेल्या सोप्या भाषेत, थेट बाईला पत्र. सोप्या भाषेत आलं, पण इंग्रजीत. आणि मी हे सांगितलंच नव्हतं की तपासलेल्या १०० जणींतल्या साधारण १० जणींना पुन्हा बोलावतात आणि त्यातल्या बहुतेकींना काहीही झालेलं नसतं. घाबरेल म्हणून गाळलं. तिने पत्र उघडलं, तिला कळलेला एकच शब्द होता 'कॅन्सर', तपासणी केंद्राच्या नावातच तो होता. तिने पत्राची घडी केली आणि मक्याच्या पिठाच्या पिशवीमागे ठेवून दिली. मुलीला सांगितलं नाही. रविवारी वॉशटेरियात यायची बंद झाली. मला वाटलं, शिफ्ट बदलली असेल. सात आठवडे वाटत राहिलं.

शेवटी कमाद्रेने तिला मंगळवारी रात्री दुसऱ्याच वॉशटेरियात गाठलं. पत्राला तोवर पिठाचा वास लागला होता. मी तिच्या स्वयंपाकघरात बसून ते तिला स्पॅनिशमध्ये वाचून दाखवलं. जास्तीची चित्रं हवीत, एवढंच त्यात होतं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "सात आठवडे मी मेलेलीच होते, इंदू."

पुढच्या आठवड्यात मी तिच्याबरोबर गेले. पुन्हा मॅमोग्राफी, सोनोग्राफी. पाण्याची गाठ निघाली, निरुपद्रवी. वर्षाने या म्हणाले. तिने डॉक्टरचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेचना.

सगळ्यांचं असं झालं नाही. मेक्सिकोच्या पुएब्ला भागातल्या एकीला खरोखर कॅन्सर निघाला. अशा निदानानंतर उपचारासाठी मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, मिळतं, पण ते नागरिक आणि ठरावीक कागदपत्रं असलेल्या परदेशी बायांना. तिच्याकडे ती नव्हती. म्हणजे सरकार तपासून सांगणार, आणि पुढचं तुझं तू बघ. गोल्ड कार्ड होईपर्यंतचे आठवडे मी विसरू शकत नाही, आणि त्यावर इथे जास्त लिहिणारही नाही. तिची शस्त्रक्रिया झाली, आता ती रोज गोळी घेते.

याच काळात मला मुंबईची गोष्ट कळली, तीही ह्यूस्टनमध्ये एका प्रशिक्षणात. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये दीड लाखावर बायांवर चाचणी केली होती, वीस वर्षं. यंत्र नाही, मॅमोग्राफी नाही. वस्तीतल्याच, दहावीपर्यंत शिकलेल्या बायांना शिकवून, त्यांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासायचं. २०२१ मध्ये निकाल छापून आला : सगळ्या वयांच्या बायांत मिळून ठोस म्हणावा असा फरक दिसला नाही, पण पन्नाशीपुढच्या बायांमध्ये या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी. शिकवणाऱ्या बाईंनी मला विचारलं, तू मुंबईची ना, तुला माहीत असेल. मी डोंबिवलीची. लोकलच्या दारात उभी राहून मी त्या वस्त्यांवरून हजार वेळा गेले असेन. काहीच माहीत नव्हतं. हिलक्रॉफ्ट आणि गल्फटनसारखंच.

एप्रिल २०२४ मध्ये तज्ज्ञांच्या राष्ट्रीय समितीने वयाची अट पन्नासवरून चाळीसवर आणली, दर दोन वर्षांनी तपासणी. आमचे सगळे तक्ते पुन्हा छापले. नोव्हेंबरपासून टेक्सासच्या रुग्णालयांत नागरिकत्व विचारायला लागले, गव्हर्नरचा आदेश. उत्तर देण्याची सक्ती नाही आणि न दिल्याने उपचार थांबत नाहीत, हे आम्ही प्रत्येकीला पढवलं. पण प्रश्न विचारला जातो हेच पुरेसं होतं. मग जानेवारी २०२५ मध्ये दवाखाने, शाळा, चर्चमध्ये स्थलांतरितांची धरपकड टाळण्याचं केंद्राचं जुनं धोरण रद्द झालं. पुढच्या रविवारी वॉशटेरियातल्या अर्ध्या मशीन रिकाम्या होत्या. कपडे घरीच बाथटबमध्ये धुतले जात होते.

फेब्रुवारीत व्हॅन येणार होती. यादीत १८ नावं होती. निळी बास्केटवाली त्यात होती. 'वर्षाने या' ची तारीख रात्रपाळीमुळे आधीच पुढे गेली होती. आदल्या रात्री साडेअकराला तिचा आवाजी मेसेज आला. चर्चच्या आवारात 'ला मिग्रा' येईल का? म्हणजे इमिग्रेशनवाले.

वर्गात शिकवलं होतं, धीर द्या. मी तीनदा मेसेज रेकॉर्ड केला आणि तीनदा पुसला. नाही येणार, असं कशाच्या जोरावर सांगू? शेवटी म्हटलं, माहीत नाही. मी सकाळी पावणेसातला गाडी घेऊन तुमच्या जिन्याखाली उभी राहते. उतरलात तर जाऊ, नाही उतरलात तर साडेसातला मी निघेन. माझं काही म्हणणं नसेल.

पावणेसातला अंधारच होता. वीस मिनिटं कुणी आलं नाही. मग जिन्यावर पावलं वाजली. ती पुढे न बसता मागे बसली, आणि मागेही खिडकीपासून लांब, मधोमध. हिलक्रॉफ्टच्या सिग्नलपर्यंत दोघी गप्प. सिग्नलला तिने एकदम "आय दिओस" म्हणून कपाळाला हात लावला.

"काय झालं?"

"डिओडरंट लावून आले."

मी डॅशबोर्डमधून ओले टिश्यू काढून मागे दिले. तिने जॅकेट उतरवलं, हात वर केला आणि पुसायला लागली. सिग्नल हिरवा झाला होता, मागचा हॉर्न देत होता. ती म्हणाली, "थांब जरा, दुसरी बाजू राहिलीय."